कपाळावरचा फुगवटा

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा माश्या जास्त होत्या, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. माणसं दोनच होती, अप्पा आणि मी. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी असं आमचं बिऱ्हाड. याच दोन खोल्या पूर्वी आम्हाला पुरायच्या नाहीत. आई एकाच वेळी कुकरशी, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी आणि आमच्याशी बोलायची, त्यामुळे घरात पाच-सहा माणसं आहेत असं वाटायचं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की अप्पा आणि मी एकमेकांशी थेट असं कधी बोललोच नव्हतो. मला सहलीला जायचं असलं, चप्पल हवी असली, तर मी आईला सांगायचे, आई अप्पांना सांगायची, आणि अप्पांचं उत्तर त्याच वाटेनं माझ्याकडे परत यायचं. आता मधलं माणूसच राहिलं नव्हतं आणि आम्हा दोघांना दुसरी वाट माहीत नव्हती.

अप्पा ठाण्याला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. सकाळी सातला डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी साडेसहाला परत. आले की हातपाय धुवायचे, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचे, कारण ते आईचं काम होतं आणि त्यांनी ते न सांगता उचललं होतं. मग रेडिओ. मग जेवण. आमटी, भात आणि बटाट्याच्या काचऱ्या; दुसऱ्या दिवशी काचऱ्या, भात आणि आमटी. मी स्वयंपाक वाईट करत नव्हते, पण कुणी "आज काय केलंस?" म्हणून विचारत नसलं की हाताला एकच वळण लागतं. जेवताना वाटीला चमचा लागल्याचा आवाज यायचा, शेजारी पेठेकाकूंच्या घरातलं हसणं भिंतीतून यायचं, आणि आमच्याकडे "मीठ दे" किंवा "लाईट कधी गेली होती?" यापलीकडे काही नाही. मला रात्री झोपताना वाटायचं, आज दिवसभरात आपलं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. कॉलेजात हजेरी घ्यायचे, पण तिथे नंबर असायचा.

कॉलेज कल्याणला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आणि विषय प्राणिशास्त्र. आमचे सबनीस सर मूळचे बेडकांचे, पण त्या वर्षी त्यांनी प्रोजेक्टसाठी फळमाश्या काढल्या, आणि पंधरा मुलींपैकी चौदा जणींनी नाक मुरडल्यावर तो विषय माझ्याकडे आला. मी नाक मुरडलं नाही याचं कारण विज्ञानावरची निष्ठा वगैरे नव्हतं. माश्या घरी वाढवायच्या होत्या आणि माझ्या घरी हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

फळमाशी म्हटलं की लोकांना पिकलेल्या केळ्यांवर भिरभिरणारी चिलटं आठवतात. या माश्या त्या नव्हेत. या घरातल्या माशीएवढ्या, पण कमरेला बारीक, अंगावर पिवळे पट्टे, दुरून पाहिलं तर गांधीलमाशीचं पिल्लू वाटावं अशा. मादी फळाला सुई टोचल्यासारखं भोक पाडून आत अंडी घालते, आणि आपण पेरू कापला की आत अळ्या वळवळत असतात. त्यांच्यात आमच्या भागात तीन जाती सापडतात, असं सर म्हणाले होते: आंब्याची, पेरूची आणि एक तांबूस. तिघी इतक्या सारख्या, की सख्ख्या बहिणीसुद्धा एवढ्या नसतात. सरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला ओळखतक्ता दिला होता. त्यात एकामागून एक प्रश्न. पंखाच्या वरच्या कडेची काळी पट्टी सलग आहे की मध्ये तुटलेली? सलग असेल तर आंब्याची. तुटलेली असेल तर पुढचा प्रश्न: चेहऱ्यावर दोन गोल ठिपके आहेत की आडवी काळी रेघ? रेघ असेल तर पेरूची. ठिपके असतील आणि पाठ तांबूस असेल तर ती तिसरी. वाचायला हे सोपं वाटतं. चिमटीत न सापडणाऱ्या मेलेल्या माशीचा चेहरा भिंगाखाली सरळ करायला लागलात की सोपं वाटत नाही. आताच्या मुली मोबाइलवर फोटो काढून पाठवतात आणि पलीकडून नाव येतं. येऊ दे बापडं. मला मात्र अजून कुणाची नव्यानं ओळख झाली, की आधी कपाळ आणि मग गाल बघायची खोड आहे.

किडके पेरू मिळवणं हे पहिलं काम. पावसाळी पेरू किडके असतातच, पण ते विकत मागणारी मी एकटीच असणार. कोपर गावातून एक आगरी बाई, जनाबाई, टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची. मी टोपलीतून टोचलेले पेरू वेचून बाजूला काढायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"चांगलं सोरून किरकं कनाला पायजेत गो बाय तुला?"

"मला आतल्या अळ्या पाहिजेत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग माझ्यामागच्या मोकळ्या दाराकडे. "घरान कोन नाय का तुझे?" तिनं विचारलं, आणि पुढे रोज दारात थांबून दोन-चार किडके पेरू नुसतेच देऊन जायला लागली. मला वाटतं, तिनं मला थोडी वेडी ठरवली असावी. पण त्या घरात कुणीतरी रोज माझी चौकशी करत होतं आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करते.

पेरू बरणीत वाळूवर ठेवायचे आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं. चार-पाच दिवसांनी पोसलेल्या अळ्या पेरूतून बाहेर येतात आणि उड्या मारतात. खरंच उड्या मारतात. अंग वाकवून डोकं-शेपूट एक करतात आणि सुटतात. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून टिक, टिक, टिक असा आवाज यायला लागला. अप्पा रेडिओ बंद करून उठले. कपाटामागे उंदीर असेल म्हणून केरसुणी घेऊन आले. मी बरणी दाखवली. ते खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेवर आपटणाऱ्या अळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आवाजाच्या मानानं लहान आहेत," ते म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य असावं.

अळ्या वाळूत शिरून कोशात जातात. गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोश. त्यातून माश्या निघायला दहाएक दिवस लागणार होते. तोवर मोठ्या माश्या पकडण्याचा एक उपाय सरांनी सांगितला होता. तुळशीची पानं चुरगळून ठेवली की या जातींचे नर त्या वासाला येतात. मी आईच्या तुळशीची चार पानं चुरगळून बशीत ठेवली. अर्ध्या तासात सात-आठ नर बशीच्या कडेला चिकटून पानं चाटत होते. पेठेकाकू गॅलरीतून म्हणाल्या, "कुंदा, अगं तुळशीपाशी माश्या मारतेस? आई असती तर काय म्हणाली असती?" आई असती तर तिनं माश्यांशीही गप्पा मारल्या असत्या, हे त्यांनाही माहीत होतं.

सरांनी कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक घरी नेऊ दिला होता. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी तो मांडायचे, माशी टाचणीवर लावायचे आणि वहीत पंख काढायचे. माझी चित्रकला दयनीय. पंख काढला की वांग्याचं पान व्हायचं. दोन दिवस अप्पांनी ते येता-जाता पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते न बोलता खुर्ची ओढून बसले, ऑफिसच्या पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि मला म्हणाले, "सरक."

मी मागितलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते आहे.

त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि पंख काढला. एक-एक शीर जिथे फुटते तिथून, जिथे मिळते तिथवर. कडेची पट्टी कुठे सुरू होते, कुठे तुटते, टोकाशी ठिपका केवढा. मग शाई. पेन कागदावरून जाताना बारीक करकर आवाज यायचा. मधे एखादी रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडून काढायची त्यांची पद्धत. पण चूक सहसा व्हायचीच नाही. मी सांगायला लागले, अप्पा, पुस्तकात ही शीर जरा वर आहे. ते म्हणाले, "पुस्तकात असेल. हिच्यात इथेच आहे. ड्रॉइंगमध्ये आपलं मत घालायचं नसतं. दिसतं ते काढायचं." मग त्यांनी, कुणी न विचारता, एक हकीकत सांगितली. ऑफिसात नवीन असताना साहेबांनी यंत्राच्या एका भागातलं भोक कागदावर जरा सरकवायला सांगितलं होतं, म्हणजे जुळणी बरोबर दिसली असती. यांनी नाही सरकवलं. साहेब वर्षभर बोलले नाहीत. "मग?" मी विचारलं. "मग काय, भोक तिथेच होतं," अप्पा म्हणाले, आणि हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतरचे सात-आठ दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोजते. संध्याकाळी ते आले की हातपाय धुवून थेट टेबलाशी. "आज कुठली?" म्हणून विचारायचे. मी तक्त्यातले प्रश्न वाचायचे, ते भिंगातून उत्तरं द्यायचे. पट्टी सलग. पाठ काळी. म्हणजे आंब्याची. एकदा मी पेरूची कोशिंबीर केली, चांगले पेरू आणून, मोहरीची फोडणी देऊन, आई करायची तशी. त्यांनी ती दोनदा वाढून घेतली. आईबद्दल दोघंही बोललो नाही, पण ती कोशिंबीर तिची होती हे दोघांना कळत होतं.

मग कोशांतून माश्या निघाल्या. सकाळी सहाच्या सुमारास बरणीत पाहते तो वाळूवर चौदा माश्या. मला साडेसातला निघायचं होतं आणि दिवसभर घरी कुणी नसणार, म्हणून मी इथरचा बोळा टाकून त्या लगेच मारल्या आणि टाचण्यांवर लावून ठेवल्या. संध्याकाळी भिंगाखाली धरल्या तर तक्त्यात बसेनात. पट्टी तुटलेली, म्हणजे आंब्याची नव्हे. चेहऱ्यावर आडवी रेघ नाही, म्हणजे पेरूची नव्हे. गोल ठिपकेही नाहीत, म्हणजे तांबूस नव्हे. पाठ मधासारखी फिकी, पिवळे पट्टे जेमतेम. मी तक्ता तीनदा वाचला. जी माशी तक्त्यात नाही, ती कुणी पाहिलेलीच नसणार, असा माझ्या वीस वर्षांच्या डोक्याचा हिशेब.

"अप्पा, ही नवीन आहे," मी म्हटलं.

त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ. मग काढायला बसले. पंख झाला, पाठ झाली, चेहरा झाला. चेहरा काढताना त्यांनी दोन डोळ्यांच्या मधे, कपाळावर, एक छोटा फुगवटा काढला, पाण्याचा फोड असावा तसा.

"हे काय?" मी विचारलं.

"फुगलंय तिथे. बघ."

मी पाहिलं. होता खरा. पण सगळ्यांना नव्हता, चार-पाच माश्यांनाच होता. आणि पुस्तकातल्या एकाही चित्रात असं काही नव्हतं. इथरनं डोकं सुजलं असणार, असं मी ठरवून टाकलं. मला ती माशी स्वच्छ हवी होती. नव्या जातीच्या पहिल्याच चित्रात फोड कसा चालेल?

"ते काढून टाका ना, अप्पा. ती इजा आहे. माशी तशी नसते."

"मला दिसतंय."

"प्लीज. एवढंच करा माझ्यासाठी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं, कागद दिव्याखाली तिरका धरला आणि फुगवट्याच्या रेघा एकेक करून खरवडल्या. वरून नखानं कागद घोटून गुळगुळीत केला. इतकं हळू काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सबनीस सर खूश झाले. तोवर माश्या वाळून आक्रसल्या होत्या आणि सरांना बेडकांपलीकडे फारसं दिसत नव्हतं, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा मला ते देव वाटले. त्यांनी माश्या आणि चित्र दूरच्या एका तज्ज्ञांकडे रजिस्टर पोस्टानं पाठवायला लावलं. अप्पांनी गॅलरीत पेठेकाकांना सांगितलं, "आमच्या कुंदाला नवीन माशी सापडलीय." मी आतून ऐकत होते. पेठेकाका म्हणाले, "अरे वा, काय सांगता!" आणि अप्पा, जे स्वतःच्या बढतीबद्दल कुणाशी बोलले नव्हते, ते तुटलेली पट्टी म्हणजे काय हे त्यांना हातवारे करून समजावून सांगत होते.

तीन आठवड्यांनी कॉलेजात सरांनी पत्र माझ्या हातात दिलं. "होतं असं," एवढंच म्हणाले आणि प्रॅक्टिकलला निघून गेले. मी ते जिन्यात उभी राहून वाचलं. पत्र सभ्य होतं. माश्या पेरूच्याच, नेहमीच्या; पण कोशातून नुकत्याच निघालेल्या. नव्या माशीला रंग चढायला चार-पाच दिवस लागतात, तोवर तिला साखरपाणी देऊन जिवंत ठेवावं आणि मगच मारावं, नाहीतर चेहऱ्यावरची रेघसुद्धा उमटलेली नसते. पुढे लिहिलं होतं: चित्र असामान्य आहे, चित्रकाराला माझं अभिनंदन कळवावं. मात्र कपाळाच्या जागी कागद खरवडलेला दिसतो. तिथे फुगवटा होता का? कोशाचं टोक ढकलून बाहेर पडण्यासाठी माशी कपाळातून तो फुगवते आणि थोड्या वेळानं आत ओढून घेते. माशी नुकती जन्मलेली आहे याची ती सर्वांत पक्की खूण. ती खूण चित्रात राहिली असती तर चित्र पाहताच उलगडा झाला असता.

माशीचं मला विशेष वाईट वाटलं नाही. खरंच नाही. मला भीती वाटली ती संध्याकाळची. आता टेबल आवरलं जाणार, रेडिओ लागणार, आणि पुन्हा "मीठ दे". शिवाय अप्पांच्या हातून मी जे करवलं होतं, ते एका परक्या माणसानं एका नजरेत ओळखलं होतं. अभिनंदन कळवायचं तर उरलेलंही कळवावं लागणार. मी पत्र प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं.

घरी आल्या आल्या अप्पांनी विचारलं, "आलं का पत्र?"

"नाही अजून."

दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज दारातूनच. मग पोस्टाच्या कारभारावर दोन वाक्यं, मग त्यांच्या ऑफिसचं एक ड्रॉइंग एकदा महिनाभर कसं हरवलं होतं त्याची गोष्ट, मग जेवताना, "त्या माणसाला वेळ लागणार, पुस्तकं बघावी लागणार ना." मी मान डोलवायचे. जे मला वर्षभर हवं होतं ते मला मिळत होतं: घरात कुणीतरी माझी वाट बघत होतं आणि माझ्याशी बोलत होतं. ते एका खोट्यावर चाललं होतं, आणि ज्या दिवशी मी खरं सांगेन त्या दिवशी संपणार होतं. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रडता येत होतं.

असा आठवडा गेला. एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, "ती रजिस्टरची पावती दे. उद्या हाफ डे टाकतो आणि पोस्टात विचारतो." आईच्या आजारपणाशिवाय त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नाही. मी आत गेले, पुस्तकातून पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. कॉलेजात मिळून आठवडा झाला, हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून, ओळीखाली बोट ठेवून. मी गॅसपाशी उभी होते. ओरडतील, निदान एवढं तरी व्हावं, असं मला वाटत होतं.

"मी खरवडायला नको होतं," ते म्हणाले.

"मीच सांगितलं ना तुम्हाला."

"तू सांगितलंस. तू वीस वर्षांची आहेस. मी अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग काढतोय. मला दिसत होतं."

माझाच अपराध त्यांनी असा उचलून स्वतःकडे घेतला, याचा मला भयंकर राग आला. "मग का खरवडलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. "साहेबाचं नाही ऐकलंत. माझं कशाला ऐकलंत?"

त्यांनी पत्राची घडी मूळच्या घडीवर घातली. पाकिटात ठेवलं. पाकीट टेबलाच्या कडेला समांतर लावलं.

"आई गेल्यापासून तू माझ्याकडे काहीच मागितलं नाहीस, कुंदा," ते म्हणाले. "वह्या नाहीत, कपडे नाहीत. काही नाही. मी रोज वाट बघायचो. ते पहिलंच मागणं होतं."

मी आमटी गरम करायला ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. वर्षभर मी समजत होते, या घरात बोलत नाहीत ते अप्पा.